शिव शिव! म्हणे सिक्वेल बरा!

काही दिवस नुसती कुजबुज होती, म्हणून दुर्लक्ष केलं. पण आता चारचौघांत, दिवसाढवळ्या, चहा पिता पिता बोललं जातंय म्हटल्यावर लपवून तरी काय उपयोग? तर ऐका, आणि ऐकण्याआधी नीट बसून घ्या. चांगल्या वळणाची माणसं, पुण्या-मुंबईच्या चित्रपट महोत्सवांत गळ्यात कार्ड अडकवून भल्या सकाळी रांगेत उभी राहणारी, इराणी दिग्दर्शकांची नावं न अडखळता घेणारी, म्हणू लागली आहेत की 'ब्लेड रनर २०४९' हा मूळ 'ब्लेड रनर'च्या मांडीला मांडी लावून बसू शकतो. मांडीला मांडी! एवढ्यावर थांबली असती तर वय लहान म्हणून सोडून दिलं असतं. पण त्यातल्या एकीने इकडेतिकडे बघत, आवाज खाली आणून, "खरं सांगू? मला दुसराच जास्त आवडतो," असंही म्हटल्याचं कळतं. ऐकणाऱ्या ज्येष्ठ रसिकाच्या हातातला वडा हातातच राहिला म्हणे.

ज्यांना या खानदानाची कुळकथा ठाऊक नाही त्यांना ती सांगायला हवी, नाहीतर एवढा गहजब कशाचा ते कळायचं नाही. १९८२ साली रिडली स्कॉट यांनी फिलिप के. डिक यांच्या १९६८च्या कादंबरीवरून एक सिनेमा काढला. काळ नोव्हेंबर २०१९, गाव लॉस एंजेलिस, पाऊस बारा महिने. कारखान्यात घडवलेली, माणसांपासून वेगळी ओळखू न येणारी 'रेप्लिकंट' मंडळी अवकाशातल्या वसाहतींतून पळून पृथ्वीवर येतात. त्यांना आयुष्य दिलेलं असतं चार वर्षांचं. त्यांना हुडकून मारायचं काम येतं रिक डेकार्ड नावाच्या, नोकरीला विटलेल्या माणसाकडे. हा डेकार्ड म्हणजे हॅरिसन फोर्ड. मग ३५ वर्षांनी, २०१७ मध्ये, डेनी व्हिलनव या कॅनेडियन दिग्दर्शकाने पुढची गोष्ट सांगितली. तिच्यातला शिकारी स्वतःच रेप्लिकंट. त्याचं नाव के, आणि ते काम रायन गॉसलिंगचं. फोर्डही आहे, म्हातारा झालेला, लास व्हेगासच्या नारिंगी धुळीत एका कुत्र्याला सोबतीला घेऊन लपून बसलेला.

मूळ सिनेमाचे भक्त हा एक वेगळाच विषय आहे. डेकार्ड ज्यातून व्हिस्की पितो तो चौकोनी काचेचा ग्लास कुणी बनवला, याचा यांनी छडा लावला. इटलीच्या चिनी बोएरीबाईंचं ते डिझाइन, १९७३चं. आता भक्तांच्या घरी गेलात तर सरबतसुद्धा त्याच घाटाच्या ग्लासातून मिळायची शक्यता आहे, आणि ग्लास उचलताना यजमान तुमच्या चेहऱ्याकडे बघत असतो, ओळखलंत का म्हणून. न ओळखण्याचं पाप करू नका. पडद्यावरच्या जाहिराती यांना पाठ. त्यात झळकलेल्या पॅन अ‍ॅमचं १९९१ मध्ये दिवाळं निघालं आणि अटारीचीही रया गेली, हे ते गंभीर आवाजात सांगतात, जणू शापवाणी झाली होती. (कोकाकोलाही त्याच पडद्यावर होतं, त्याला काही झालं नाही. हे मध्येच सांगू नये, वातावरण बिघडतं.)

अशा माणसांसमोर सिक्वेलचं नाव काढायचं म्हणजे किती हिंमत लागत असेल, विचार करा. त्यांचा युक्तिवाद एका वाक्याचा असतो. मूळ ते मूळ.

बरं, मूळ म्हणजे नेमकं कोणतं हो?

इथून प्रकरण रंगायला लागतं. ज्या सिनेमाच्या पावित्र्याच्या आणाभाका घेतल्या जातात तो एक नाहीच. सात आहेत, सात! आधी कामचलाऊ प्रत. मग सॅन दिएगोला गुपचूप दाखवलेली प्रत. मग १९८२च्या उन्हाळ्यात अमेरिकेत लागलेली, त्याहून थोडी रक्तबंबाळ अशी परदेशात गेलेली, टीव्हीसाठी सोवळी केलेली, १९९२ची दिग्दर्शकाची म्हणवली गेलेली आणि २००७ची अखेरची. एका सिनेमाचं बारसं २५ वर्षं चालू होतं आणि यांना सिक्वेलच्या जन्माची चौकशी हवी आहे.

मुळात झालं काय, की सुरुवातीच्या खेळांना प्रेक्षक गोंधळले. खर्च हाताबाहेर गेल्यामुळे पैशाची हमी घेतलेल्या मंडळींचा शब्द आता चालत होता. त्यांनी फर्मान काढलं, लोकांना कळलं पाहिजे. म्हणून हॅरिसन फोर्डला स्टुडिओत बसवून निवेदन वाचून घेतलं. ते निवेदन ज्यांनी ऐकलंय त्यांना आठवेल. विजेचं बिल वाचतानाही माणूस याहून जास्त भावना ओततो. फोर्डने मुद्दाम वाईट वाचलं अशी वदंता वर्षानुवर्षं आहे. तो म्हणतो, नाही. त्याने नाही म्हटल्यामुळे वदंता थांबली असती तर ती वदंता कसली!

आणि शेवट? तो तर आणखी लाजिरवाणा. अंधाऱ्या, ओल्या, कोंदट सिनेमाच्या शेवटी डेकार्ड आणि त्याची रेप्लिकंट प्रेयसी रेचल अचानक हिरव्यागार डोंगरांतून मोटारीने निघालेली. ते डोंगर कुठले? स्टॅन्ली कुब्रिकने 'द शायनिंग'साठी हेलिकॉप्टरमधून चित्रित करून न वापरलेल्या रिळांमधले! म्हणजे अभिजात कलाकृतीचा शेवट शेजाऱ्याच्या उरलेल्या कापडाचा. त्यातही मौज बघा. याच कुब्रिकने '२००१: अ स्पेस ओडिसी' झाल्यावर अवकाशयानांची मॉडेल्स आणि नकाशे नष्ट करायला लावले होते, पुढे कुणी ती वापरून भलतंच काही काढू नये म्हणून. १९८४ मध्ये पीटर हायम्सने '२०१०' नावाचा सिक्वेल काढलाच. त्याच्या माणसांना जुन्या सिनेमाच्या चौकटी बघून बघून यान पुन्हा उभारावं लागलं. यान हुबेहूब झालं. बाकी सिनेमा प्रत्येक कोडं इतक्या सौजन्याने उलगडून सांगतो की शेवटी आपण त्याचे आभार मानतो आणि विसरून जातो.

परत मुद्द्यावर येऊ. १९९० मध्ये लॉस एंजेलिसच्या फेअरफॅक्स थिएटरात जुन्या सिनेमांच्या खेळांसाठी 'ब्लेड रनर'ची ७० मिलिमीटरची प्रत मागवली गेली. डबा उघडला, खेळ सुरू झाला आणि प्रेक्षक चाट पडले. निवेदन जवळपास गायब, डोंगर गायब! गोदामातून चुकून ती कामचलाऊ प्रत आली होती. तिचा असा काही बोलबाला झाला की १९९२ची आवृत्ती काढणं स्टुडिओला भाग पडलं. म्हणजे आज भक्त ज्या मूर्तीपुढे हात जोडतात तिची प्राणप्रतिष्ठा एका गोदामातल्या गफलतीने झाली. हे त्यांना ऐकवून बघा. ते तुम्हाला म्हणतील, "म्हणूनच तर!"

हिशेबाचा घोटाळा तर सांगायचाच राहिला. डेकार्डचा साहेब ब्रायंट सांगतो, सहा रेप्लिकंट पळाले, एक विजेच्या झटक्याने मेला. उरले किती? पाच. पडद्यावर शिकार किती जणांची? चौघांची. पाचवा कोण? झालं! डेकार्ड स्वतःच तो, अशी हाकाटी उठली आणि त्यावर लोकांनी वाद घातले, प्रबंध पाडले. प्रत्यक्षात पाचवं पात्र पैशाअभावी गळलं होतं आणि संवाद बदलायचा राहिला होता. २००७च्या प्रतीत स्कॉटने आकडा दुरुस्त केला, दोघे मेले म्हणून. पण तोवर शंकेला पाय फुटले होते, आणि त्यात स्कॉटनेच एकशिंगी घोड्याचं स्वप्न घालून ठेवलं होतं. फोर्ड वर्षानुवर्षं म्हणत होता डेकार्ड माणूस आहे. स्कॉट म्हणतो रेप्लिकंट आहे. एकाच सिनेमाचा नायक आणि दिग्दर्शक, नायकाची जात कोणती यावर दशकानुदशकं भांडले आणि आपण मात्र 'मूळ ते मूळ'!

थोडं व्यवहाराचं बोलू, कारण खानदानी माणसं पैशाचा विषय टाळतात आणि खरी गंमत तिथेच असते. मूळ सिनेमा २५ जून १९८२ला लागला. दोनच आठवडे आधी स्पीलबर्गचा 'ई.टी.' आला होता. सगळी अमेरिका त्या मायाळू, बटाट्यासारख्या परग्रहवासीयाच्या गळ्यात पडून रडत असताना कुणाला पावसात भिजत मरणाऱ्या कृत्रिम माणसांचं पडलेलं? त्याच दिवशी जॉन कार्पेंटरचा 'द थिंग'ही लागला, तोही आपटला. एका शुक्रवारी दोन अभिजात चित्रपट पडले, असं पुन्हा क्वचितच घडलं असेल. लॉस एंजेलिस टाइम्सच्या शीला बेन्सनबाईंनी तर सिनेमाला 'ब्लेड क्रॉलर' म्हटलं, इतका तो रेंगाळतो म्हणून. ज्यांच्या कादंबरीवरून हे सारं झालं ते फिलिप डिक बिचारे मार्च १९८२मध्येच वारले. पूर्ण सिनेमा त्यांनी पाहिला नाही, आणि गल्लाही.

आता सिक्वेलकडे वळा. तो १५ कोटी डॉलरच्या वर खर्चून काढला आणि जगभरात मिळून २६ कोटींच्या आसपास गल्ला जमला. हा आकडा आपल्याला भरघोस वाटतो, पण जाहिराती आणि थिएटरवाल्यांचा वाटा गेल्यावर निर्मात्यांच्या हाती सुस्कारा राहतो. तक्रार काय? फार संथ! एकशे त्रेसष्ट मिनिटं! सर्वांवर कडी म्हणजे खुद्द रिडली स्कॉट, सिक्वेलचे कार्यकारी निर्माते, जाहीरपणे म्हणाले की लांबलाय, अर्धा तास कापायला हवा होता. स्वतःचा सिनेमा २५ वर्षं कापत-जोडत बसलेल्या माणसाने हे म्हणावं! व्हिलनव मात्र म्हणत राहिला, जो लागला तोच माझा सिनेमा, दुसरी प्रत निघायची नाही. एवढा एक शहाणपणा दुसऱ्या पिढीने केला, हे मान्य करू या.

ऑस्करचं तर बोलूच नये. मूळ सिनेमाला नामांकनं दोन, बाहुल्या शून्य. सिक्वेलला नामांकनं पाच, बाहुल्या दोन. त्यातली एक रॉजर डीकिन्सला छायाचित्रणासाठी, तेरा वेळा हात हलवत परतल्यानंतर चौदाव्यांदा मिळालेली. भक्त यावर म्हणतात, ऑस्करला काय कळतंय. हेच भक्त इतर वेळी ऑस्करच्या पहाटे गजर लावून उठतात.

तेव्हा सिक्वेल बरोबरीला बसतो का? माझं मत विचाराल तर बसतो, आणि ज्या कारणाने बसतो तेच फारसं कुणी बोलत नाही. चांगले सिक्वेल बहुधा दुकान बदलून वाचतात. १९७९चा 'एलियन' भुताचा सिनेमा, तर १९८६चा 'एलियन्स' लढाईचा. जेम्स कॅमेरॉनने तुलनेचा प्रश्नच मोडीत काढला. व्हिलनवने तसं केलं नाही. त्याच पावसात, त्याच अंधारात, तीच पॅन अ‍ॅमची पाटी पुन्हा लावून तो उभा राहिला, आणि त्याने नायक निवडला तो नेमका नंबरी मालातला. के म्हणजे उत्पादन. त्याला हे ठाऊक आहे आणि त्याची तक्रारही नाही. मग एक जुना लाकडी घोडा सापडतो, लहानपणीची एक आठवण खरी निघते आणि त्याला वाटू लागतं, आपण कारखान्यातले नाही. आपण जन्मलोय, कुणाच्या तरी पोटी, आणि जगाला ज्याचा शोध आहे ते डेकार्ड-रेचलचं मूल आपणच. आपणही सुखावतो. चला, नायक सापडला! आणि सिनेमा त्याला, आपल्यासकट, खाली आदळतो. आठवण खरी आहे, पण ती दुसऱ्या कुणाची. तू नाहीस तो.

सिक्वेलने स्वतःबद्दल याहून स्पष्ट बोलावं तरी कसं? मूळचा वारस म्हणून मिरवायची पूर्ण सोय होती आणि याने वारसाहक्काचाच दावा काढून टाकला. एवढंच नाही, तरुण रेचल पुन्हा दाखवायची म्हणून शॉन यंगचा १९८२चा चेहरा संगणकावर कसोशीने घडवला, दुसऱ्या नटीच्या अंगावर बसवला, म्हाताऱ्या डेकार्डसमोर आणून उभा केला. डेकार्ड क्षणभर हलतो आणि सांगतो, तिचे डोळे हिरवे होते. पुढच्या क्षणी त्या रेचलला गोळी घातली जाते. कोट्यवधी खर्चून हुबेहूब नक्कल बनवायची आणि नायकाच्या तोंडून नाकारायची, हा उर्मटपणा मला फार आवडला. (शॉन यंगचे डोळे तपकिरी आहेत आणि मूळ सिनेमात रेप्लिकंट ओळखायच्या चाचणीच्या यंत्रावर दिसणारी बाहुली मात्र हिरवी. यावरून डेकार्ड खोटं बोलला की सिनेमावाले चुकले, असा नवा तंटा उभा राहिलाय. त्यात मी पडणार नाही. जेवणं थंड होतात.)

दरम्यान, तरुण पिढीत याहून मोठं संकट आलेलं आहे. विशी-पंचविशीतल्या मुलांनी के हे आपलं कुलदैवत करून टाकलंय. नाकावर पट्टी, तोंडावर मार, समोर जांभळ्या-गुलाबी प्रकाशातली अवाढव्य जाहिरातीतली स्त्री, आणि खाली एकटा उभा गॉसलिंग: हे चित्र प्रोफाइलला लावायचं आणि म्हणायचं, हा म्हणजे मीच. हजारोंनी म्हणायचं! चांगली आई-वडिलांच्या घरी राहणारी, वेळेवर डबा मिळणारी मुलं. कॉलर वर केलेला तो लांब कोट मुंबईच्या दमट हवेत घालायची हौस असणारेही आहेत. घामाघूम होतात, पण एकाकी दिसतात. आता तो प्रसंग काय आहे बघा. केची घरातली प्रेयसी जॉय ही विकत घेतलेली प्रतिमा. तिने त्याला लाडाने नाव दिलेलं, जो. ती नष्ट होते, आणि पुलावरून जाताना तीच जॉय जाहिरात बनून समोर येते आणि त्यालाही जो म्हणते. म्हणजे ते लाडाचं नाव गिऱ्हाइकाला लावायचं ठरलेलं नाव होतं. तू कुणी खास नाहीस हे केला जिथे कळतं, नेमकी तीच चौकट उचलून प्रत्येक मुलगा सांगतोय की मी फार खास रीतीने एकटा आहे. व्हिलनवने कपाळावर हात मारला असेल.

आता सिक्वेलचे दोषही बोलू या, नाहीतर पक्षपाताचा आरोप यायचा. जॅरेड लेटोचा वॉलेस हा खलनायक म्हणजे एक दीर्घ प्रवचन. तो बोलायला लागला की मूळचा कारखानदार टायरेल किती नेमकं बोलायचा याची आठवण येते. आणि रॉय बॅटी नाही. रुटखर हाउअरचा तो पांढऱ्या केसांचा, मरायला टेकलेला, डेकार्डला वाचवून मग पावसात शांतपणे बोलणारा रॉय. ते अखेरचं भाषण हाउअरने आदल्या रात्री स्वतः काटून-छाटून, शेवटची भर घालून आणलं होतं, हे सर्वश्रुत आहे. त्या दोन मिनिटांच्या तोडीचं सिक्वेलच्या १६३ मिनिटांत काही नाही, हे सिक्वेलवाल्यांनी निमूट मान्य करावं. व्हिलनवने ते केलंच आहे. के बर्फात पायऱ्यांवर आडवा होतो तेव्हा मागे रॉयच्या मरणाचीच धून वाजते. सिनेमात रॉय २०१९ मध्ये मरतो. हाउअरही २०१९मध्येच गेला. भक्त यावर बोलू लागले तर त्यांना थांबवू नये.

आणि एक गोष्ट थट्टा बाजूला ठेवून. मूळ सिनेमात डेकार्ड रेचलला दार अडवून, ढकलून, काय म्हणायचं ते शिकवून जवळ ओढतो आणि मागे व्हॅन्जेलिसचा सॅक्सोफोन वाजतो. तो प्रसंग प्रणय म्हणून चित्रित केलाय आणि तो प्रणय नाही. सातही आवृत्त्यांत सगळं बदललं, हे बदललं नाही. सिक्वेलमधल्या इमारतीएवढ्या नग्न जाहिरातींवर झोड उठली ती रास्तच होती. पण ती उठवणाऱ्या कित्येकांनी मूळच्या दाराकडे बघितलंच नव्हतं.

तर अशी ही भांडणं ऐन रंगात असताना अ‍ॅमेझॉनने 'ब्लेड रनर २०९९' नावाची मालिका जाहीर करून ठेवली, मिशेल योह आणि हंटर शेफर यांना घेऊन. बातमी आली त्या संध्याकाळी मघाचे ते ज्येष्ठ रसिक, वडा हातात राहिलेले, फार अस्वस्थ होते. मालिकेचं एक दृश्यही कुणी पाहिलेलं नव्हतं. ते म्हणाले, "कशाला ही भानगड? २०४९नंतर कुणी हात लावायलाच नको होता."